पहिली चिठ्ठी बेडक्याच्या तपासणीची असावी

राजयक्ष्मा हा व्याधी आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकसंहितेत निदानस्थानाच्या सहाव्या अध्यायात शोषाचे आणि चिकित्सास्थानाच्या आठव्या अध्यायात राजयक्ष्म्याचे सविस्तर विवेचन आहे. साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे, त्रिरूप, षड्रूप आणि एकादशरूप असा लक्षणसमुच्चय, अनुलोम आणि प्रतिलोम क्षयाचा विचार हे सारे आपण पदवीच्या वर्गात पाठ केलेले आहे. सुश्रुताने तर निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात शोषाची गणना औपसर्गिक व्याधींत केली. सहवास, एकत्र शय्या, एकत्र आसन आणि श्वास यांच्याद्वारे हा रोग एका माणसातून दुसऱ्या माणसात संक्रांत होतो, हे त्याने रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर करण्यापूर्वी कित्येक शतके नोंदवून ठेवले आहे.

या वारशाचा अभिमान आपण आपल्या संमेलनांतून वारंवार व्यक्त करतो. तो अनाठायी नाही. परंतु ज्या व्याधीचे इतके सूक्ष्म ज्ञान आपल्या पूर्वसूरींना होते, त्या व्याधीचा रुग्ण आज आपल्या दवाखान्यात आला तर आपण त्याचे प्रथम काय करतो, हा प्रश्न मला गेली काही वर्षे अस्वस्थ करीत आहे. नाडी पाहतो, जिभेकडे पाहतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो, सितोपलादी किंवा वासावलेह लिहितो आणि पुष्कळदा त्याच चिठ्ठीवर खाली एखादे प्रतिजैविक लिहितो. बेडक्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली जाते ती दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेस, कधी कधी रुग्ण आपल्याकडे येण्याचे थांबल्यावर दुसऱ्याच कोणाकडून. हा क्रम उलटा झाला पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

एक कबुली

हे मत मी ग्रंथ वाचून बनविलेले नाही. २०१७ साली माझ्याकडे शिवणकाम करणारी एक तेवीस वर्षांची मुलगी आली. दीड महिन्याचा खोकला, सायंकाळी बारीक ताप, अरुची, वजनात घट. वातकफप्रधान कास आणि रसधातुक्षय असे निदान करून मी शास्त्रानुसार औषधे दिली आणि सोबत सात दिवसांचे लिव्होफ्लॉक्सासिन लिहिले. ताप उतरला, खोकला कमी झाला. मला समाधान वाटले. तीन आठवड्यांनी लक्षणे परतली तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. तिच्या भावाने माझी तीच चिठ्ठी जवळच्या औषधाच्या दुकानात दाखविली आणि तेच औषध दोनदा आणले. दुकानदाराने काही विचारले नाही. पुढे एका खासगी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बेडका पाहिला गेला, त्यात जंतू आढळले नाहीत, आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चौथ्या महिन्यात शासकीय रुग्णालयात सीबीनॅट चाचणी झाली. क्षयजंतू आढळले आणि ते रिफाम्पिसिनला दाद न देणारे होते. पुढील अहवालात ते क्विनोलोन वर्गालाही प्रतिरोधी असल्याचे कळले.

तिचे उपचार अठरा महिन्यांहून अधिक काळ चालले. ती बरी झाली. मात्र इंजेक्शनांमुळे तिची श्रवणशक्ती मंदावली ती कायमची, आणि त्या चार महिन्यांत एकाच खोलीत झोपणाऱ्या तिच्या धाकट्या भावालाही क्षय झाला. माझ्या गोळ्यांनीच तो क्विनोलोनचा प्रतिरोध उत्पन्न झाला असे मी म्हणू शकत नाही. तिला ज्याच्याकडून लागण झाली त्याचे जंतूच तसे असणे शक्य आहे. परंतु पहिल्या दिवशी मी बेडका पाठविला असता तर निदान तीन महिने आधी झाले असते, याविषयी मला कोणतीही पळवाट सापडत नाही.

सूक्ष्मदर्शकाने न दिसणारे

बेडक्याचा थर काचेवर पसरून, झील-नेल्सन पद्धतीने रंगवून जंतू पाहणे ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. ती स्वस्त आहे आणि तिने असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले आहेत. तिची मर्यादा मात्र मोठी आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारणपणे पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याची शक्यता असते. आजाराच्या आरंभी, लहान मुलांत, एच.आय.व्ही.बाधितांत आणि फुफ्फुसाबाहेरील क्षयात जंतूंची संख्या पुष्कळदा याहून कमी असते. शिवाय काचेवर दिसणारा लाल दांडा औषधाला दाद देणारा आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही.

ते सांगण्यासाठी पूर्वी कल्चरवर अवलंबून राहावे लागे. घन माध्यमात क्षयजंतू वाढण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. द्रव माध्यमात हा काळ कमी होतो, तरीही तो आठवड्यांतच मोजावा लागतो. तोपर्यंत रुग्ण चुकीचे औषध घेत राहणार आणि घरात खोकत राहणार.

चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात, असलेली वस्तूही प्रत्यक्षाने का दिसत नाही याची कारणे दिली आहेत. वस्तू अतिनिकट असणे, अतिदूर असणे, आवरणाने झाकलेली असणे, इंद्रिय दुर्बल असणे, मन अन्यत्र असणे, सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, दुसऱ्या वस्तूने अभिभूत होणे आणि शेवटी अतिसूक्ष्म असणे. आरंभीच्या क्षयाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही. तो अतिसूक्ष्म आहे, तो सामान्य कासात मिसळून जातो, आणि आपण दिलेल्या प्रतिजैविकाने तो काही काळ अभिभूतही होतो. ज्या शास्त्राने प्रत्यक्षाची मर्यादा इतक्या स्पष्टपणे मांडली, त्या शास्त्राच्या अनुयायांनी प्रत्यक्षाची कक्षा वाढविणाऱ्या साधनाचे स्वागतच केले पाहिजे.

नवी चाचणी काय करते

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये एक्स्पर्ट एमटीबी-रिफ या चाचणीस मान्यता दिली. आपल्याकडे हीच चाचणी सीबीनॅट किंवा जीन एक्स्पर्ट या नावाने परिचित आहे. बेडका एका द्रावणात मिसळून बंद कार्ट्रिजमध्ये भरतात. पुढील सर्व क्रिया यंत्रातच होतात. जंतूंचे आवरण फोडून त्यांचे डी.एन.ए. मोकळे केले जाते, त्यातील विशिष्ट तुकड्याच्या लक्षावधी प्रती तयार केल्या जातात आणि त्या प्रतींना चिकटणाऱ्या प्रकाशमान खुणांवरून जंतू आहेत की नाहीत ते ठरते. हा तुकडा आरपीओबी या जनुकातील एक्क्याऐंशी अक्षरांचा आहे. रिफाम्पिसिनला प्रतिरोध निर्माण करणारी सुमारे ९५ टक्के उत्परिवर्तने याच लहानशा भागात घडतात. म्हणून एकाच चाचणीत दोन उत्तरे मिळतात: क्षय आहे का, आणि असल्यास रिफाम्पिसिन लागू पडेल का. त्यास दोन तासांहून कमी वेळ लागतो. एका मिलिलिटरमध्ये सव्वाशेच्या आसपास जंतू असले तरी ही चाचणी त्यांना ओळखते. २०१७ मध्ये शिफारस झालेली तिची अल्ट्रा ही सुधारित आवृत्ती याहूनही कितीतरी संवेदनशील आहे.

आपल्या दृष्टीने अधिक अभिमानाची गोष्ट म्हणजे ट्रूनॅट. बंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेत विकसित झालेली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बाजारात आणलेली ही भारतीय चाचणी एका लहान चिपवर चालते. यंत्र बॅटरीवर चालत असल्याने वातानुकूलित खोलीची आणि अखंड विजेची अट राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तिचे मूल्यमापन केले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला मान्यता दिली. क्षयजंतू आढळल्यास त्याच काढलेल्या डी.एन.ए.वर दुसरी चिप वापरून रिफाम्पिसिनचा प्रतिरोध तपासता येतो. कोविडच्या काळात याच यंत्रांवर कोविडच्या चाचण्या झाल्या आणि त्या निमित्ताने ती जिल्ह्याच्या ठिकाणापलीकडे पोहोचली. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात या चाचण्या विनामूल्य होतात.

या उलट एक सूचना जुन्या सवयीविषयी. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट शिफारस केली आणि भारत सरकारने जून २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. तरीही ‘रक्तातून टी.बी. कळतो का’ असे विचारणारे रुग्ण आणि होकार देणारे व्यावसायिक आजही भेटतात. सक्रिय क्षयाचे निदान रक्ताच्या प्रतिपिंडांवरून करू नये, हे प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे.

प्रतिरोध आणि आपली लेखणी

औषधप्रतिरोध कोठून येतो? क्षयजंतूंच्या नैसर्गिक वाढीतच काही जंतू अपघाताने औषधाला न जुमानणारे निपजतात. आयसोनियाझिडच्या बाबतीत हे प्रमाण साधारणपणे दहा लाखांत एक, तर रिफाम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एक असे मानले जाते. फुफ्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. म्हणजे कोणतेही एकच औषध दिले तर प्रतिरोधी जंतू आधीपासूनच तेथे हजर असतात. बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. अनेक औषधे एकाच वेळी, पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ देण्याचे तत्त्व यातून आले. जो एक औषध देतो, अर्धे देतो किंवा मध्येच सोडू देतो, तो निवड करीत असतो, आणि निवड नेहमी बलवान शत्रूची होते.

मुंबईपुरते बोलायचे तर हा विषय कल्पनेतला नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी निरनिराळ्या प्रकारे औषधयोजना केल्याचे आढळले. दोन दशकांनी, २०१० मध्ये, धारावीतील एकशे सहा डॉक्टरांनी त्रेसष्ट निरनिराळ्या योजना लिहिल्या, आणि त्यांतील केवळ सहा जणांची योजना योग्य होती. पुढे मुंबई आणि पाटणा येथे प्रशिक्षित व्यक्तींना रुग्ण म्हणून दवाखान्यांत पाठवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे एक तृतीयांश भेटींतच रुग्णाचे व्यवस्थापन योग्य ठरले, आणि आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांच्या तुलनेत इतर पद्धतींच्या व्यावसायिकांची कामगिरी कमी प्रतीची होती. या निष्कर्षाने आपल्याला राग येणे स्वाभाविक आहे. पण राग हे उत्तर नव्हे.

२०१४ ते २०१६ या काळात झालेल्या पहिल्या राष्ट्रीय औषधप्रतिरोध सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांपैकी ११.६२ टक्के जणांत बहुऔषधरोधी क्षय आढळला. म्हणजे ज्याने कधीही क्षयाचे औषध घेतलेले नाही, त्यालाही थेट प्रतिरोधी जंतूंची लागण होते. ‘पूर्वी औषध घेतले नाही, म्हणून प्रतिरोध नसणार’ हे अनुमान आता हेत्वाभास ठरते.

क्विनोलोनविषयी मला विशेष सांगावयाचे आहे. महाराष्ट्रात शासनाच्या आदेशानुसार आपल्यापैकी बहुसंख्य व्यावसायिक आधुनिक औषधे लिहितात. खोकला, ताप, लघवीची जळजळ, जुलाब अशा अनेक कारणांसाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन लिहिली जातात. यांपैकी काही औषधे क्षयजंतूंवरही प्रभावी आहेत. एकट्याने दिल्यास ती क्षयाला मारीत नाहीत, केवळ दबवितात. लक्षणे शमतात, निदान लांबते आणि प्रतिरोधाला वाट मिळते. बेडक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांची बहुऔषधरोधी क्षयासाठीची सहा महिन्यांची योजना भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. दीड-दोन वर्षांचे उपचार सहा महिन्यांवर आणणारी ही मोठी घटना आहे. या चार औषधांतील मॉक्सिफ्लॉक्सासिन क्विनोलोन वर्गातील आहे. साध्या खोकल्यासाठी आपण सहज लिहिलेली गोळी पुढे कोणाच्या तरी प्राणरक्षक औषधाची धार बोथट करीत असेल, तर तिला सहज म्हणता येणार नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना

या त्रैमासिकाचे अनेक वाचक औषधांच्या दुकानांचे मालक आहेत. रुग्ण वैद्याकडे जाण्यापूर्वी त्यांच्याकडे जातो, हे आपण सर्व जाणतो. राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणात २०१९ ते २०२१ या काळात असे दिसले की, लक्षणे असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोक उपचारांसाठी कोठेही गेले नव्हते. यांतील किती जणांनी दुकानाच्या फळीवरून खोकल्याची बाटली घेतली असेल, याची कल्पना करता येते.

क्षयरोगावरील औषधे १ मार्च २०१४ पासून एच-वन अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. क्षयरोग मे २०१२ पासून नोंदणीयोग्य व्याधी आहे, आणि मार्च २०१८ च्या राजपत्रीय अधिसूचनेने ही जबाबदारी चिकित्सक व प्रयोगशाळांबरोबर औषधविक्रेत्यांवरही स्पष्टपणे टाकली आहे. नोंद न करणे हा कायद्याने दंडनीय प्रमाद ठरू शकतो.

परंतु कायद्याच्या भयापेक्षा मी आपल्या अनुभवाला आवाहन करतो. तीच व्यक्ती तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागण्यास येते, हे वैद्याच्या आधी आपल्या लक्षात येते. जुनी चिठ्ठी पुन्हा पुढे केली जाते तेव्हा तिच्यावरील तारीख आपणच पाहू शकता. ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? मग आधी सरकारी केंद्रात बेडका तपासून घ्या, पैसे लागत नाहीत,’ एवढे दोन वाक्यांचे बोलणे एका बाटलीच्या नफ्याहून मोलाचे आहे.

चाचणीच्या मर्यादा

नव्या साधनाची स्तुती करताना त्याच्या मर्यादा लपविणे हे शास्त्रनिष्ठेला धरून नाही. पहिली मर्यादा अशी की, सीबीनॅट आणि ट्रूनॅट प्रामुख्याने रिफाम्पिसिनविषयीच सांगतात. उपरोक्त सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी ११.०६ टक्के जणांत आयसोनियाझिडला प्रतिरोध होता, आणि त्यांतील अनेकांचे जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारे होते. म्हणून ‘रिफाम्पिसिनला प्रतिरोध नाही’ याचा अर्थ ‘कोणत्याच औषधाला नाही’ असा होत नाही. त्यासाठी लाइन प्रोब चाचणी, द्रव माध्यमातील कल्चर किंवा २०२१ मध्ये मान्यता मिळालेले आयसोनियाझिड व क्विनोलोनसाठीचे कार्ट्रिज यांची जोड लागते.

दुसरी मर्यादा अशी की, ही चाचणी मृत जंतूंचे डी.एन.ए.ही ओळखते. त्यामुळे उपचार सुरू असताना प्रगती पाहण्यासाठी ती वापरू नये, आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्या रुग्णात तिचा होकार जपून वाचावा. तिसरी मर्यादा नकाराची. चाचणीत जंतू आढळले नाहीत म्हणून क्षय नाहीच, असे ठरत नाही. छातीचे क्ष-किरण चित्र आणि रुग्णाची लक्षणे यांचा विचार सोडता येत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात क्ष-किरण चित्र घेतले नसते तर ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते. ग्रंथी, फुफ्फुसावरण किंवा मणक्याच्या क्षयात नमुनाही त्या त्या ठिकाणचाच लागतो.

आणि सर्वांत मोठी मर्यादा यंत्राची नाही, नमुन्याची आहे. रुग्ण बेडक्याऐवजी लाळ देतो. सकाळी पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा दीर्घ श्वास घ्यावा, छातीतून खोकून किमान दोन मिलिलिटर घट्ट बेडका मोकळ्या हवेत डबीत घ्यावा, एवढे समजावून सांगण्यास दोन मिनिटे लागतात. कफाचे वर्ण, गंध, घनता यांची परीक्षा आपल्याइतकी कोणाला अवगत आहे? चांगला नमुना ओळखण्यात वैद्य इतरांच्या पुढे असावयास हवा.

काही आक्षेप

‘ही आधुनिकांची चाचणी, आपला तिच्याशी काय संबंध?’ असा पहिला आक्षेप घेतला जातो. तापमापक आणि रक्तदाबमापक आपण कधी परके मानले नाहीत. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात आधी रोगाची परीक्षा, मग औषधाचा विचार आणि त्यानंतरच कर्म असा क्रम सांगितला आहे. परीक्षेचे साधन कोणी घडविले, याची अट तेथे नाही.

‘रुग्ण सरकारी केंद्रात पाठविला की तो परत येत नाही,’ हा दुसरा आक्षेप सहसा उघडपणे बोलला जात नाही, पण मनात असतो. माझा अनुभव वेगळा आहे. वेळेवर पाठविलेला रुग्ण आणि त्याचे कुटुंब वैद्याला विसरत नाही. विसरते ते उशीर करणाऱ्याला, आणि तसे झाले तर त्यात त्याची काय चूक?

तिसरा आक्षेप खरा आहे. यंत्र बंद पडते, कार्ट्रिज किंवा चिप संपते, अहवाल यायला दिवस लागतात. २०२४ च्या पूर्वार्धात तर क्षयाच्या औषधांचाच अनेक राज्यांत तुटवडा झाला. शासनाची ही उणीव आपण ठणकावून मांडली पाहिजे आणि संघटनेने ती मांडावी. पण शासकीय यंत्रणा सदोष आहे म्हणून आपण विनापरीक्षा औषध देत राहावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आपले खरे स्थान

मग राजयक्ष्म्यात आयुर्वेदाचे कार्य काय उरले, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, फार मोठे कार्य उरले आहे, फक्त ते जंतुनाशक औषधांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे. आपल्या शास्त्राने या व्याधीत अग्नी, बल आणि धातुपोषण यांना मध्यवर्ती मानले, क्षीण रुग्णात शोधन टाळण्यास आणि मलाचे रक्षण करण्यास सांगितले. झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाने याच विचाराला आधुनिक पुरावा दिला आहे. दोन हजार आठशे रुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. ज्या घरांतील सर्वांना पोषक आहार मिळाला, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला मिळणारी दरमहा रक्कम २०१८ मध्ये पाचशे रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाली आहे. त्या रकमेतून काय खावे, कसे पचवावे, अरुची कशी दूर करावी, हे सांगणारा वैद्य प्रत्येक रुग्णाला हवा आहे.

येथेही विवेक आवश्यक आहे. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही यकृतावर भार टाकणारी औषधे आहेत. त्या काळात रसकल्प किंवा अज्ञात मिश्रणे देऊ नयेत. पिप्पलीतील पायपरिन औषधांच्या शोषणावर प्रभाव टाकते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जे काही द्यायचे ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवून, लिहून द्यावे. कावीळ, सततची मळमळ किंवा ओकारी दिसताच रुग्णाला तातडीने परत पाठवावे. आणि दोन महिन्यांत बरे वाटू लागलेला रुग्ण जेव्हा आपल्याला विचारतो, ‘वैद्यबुवा, आता त्या गोळ्या बंद करून तुमचेच औषध चालू ठेवू का?’ तेव्हा आपले उत्तर एकच असावे.

संघटनेसमोर प्रस्ताव

आपल्या देशाने २०२५ पर्यंत क्षय दूर करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे प्रमाण २०२४ मध्ये १८७ पर्यंत खाली आले, ही प्रगती आहे. तथापि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश अद्याप भारतातच आहेत. हे काम केवळ शासकीय केंद्रांतून पूर्ण होणार नाही, कारण रुग्णाचे पहिले पाऊल पुष्कळदा आपल्या उंबरठ्यावर पडते.

म्हणून संघटनेच्या आगामी सभेपुढे मी चार साध्या सूचना ठेवतो. प्रत्येक सदस्याने दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, ताप, वजनातील घट किंवा बेडक्यातून रक्त असलेल्या रुग्णाचा बेडका पहिल्याच भेटीत नॅट चाचणीसाठी पाठवावा. तो अहवाल येईपर्यंत क्विनोलोन लिहू नये. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या भागातील चाचणी केंद्रांची व नमुना स्वीकारण्याच्या वेळांची यादी छापून सदस्यांना आणि औषधविक्रेत्यांना द्यावी. आणि प्रत्येक निदानाची नोंद निक्षय प्रणालीत होते की नाही, याची जबाबदारी शाखेतील एका सदस्याने घ्यावी. यांपैकी एकाही सूचनेस मोठा खर्च नाही.

ती मुलगी आजही माझ्याकडे येते. अंगदुखीसाठी, क्वचित अम्लपित्तासाठी. मी तिच्याशी नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात बोलतो. तिने मला कधी दोष दिलेला नाही, आणि मी तिला कधी सांगितलेले नाही की माझ्या टेबलाच्या डाव्या बाजूस बेडक्याच्या डब्यांचा गठ्ठा कोणामुळे असतो. आपल्याही टेबलावर तो असावा, एवढीच विनंती.